डबीवरचं नाव

विनोद नावाच्या माणसानं मला फसवलं, मी माझ्या पार्लरमधल्या वर्षाला फसवलं, आणि वर्षानं कुणालाच फसवलं नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पान उलटायला हरकत नाही.

या अंकाच्या संपादिका माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "शकुनताई, इतकी वर्षं पार्लर चालवलं, आता गल्ला सुनेच्या हाती दिलात, तर नवऱ्यामुलींच्या गमती लिहा." गमती आहेत. ओठांवरची लव काढायला येताना दोन गल्ल्या आधी ऑटो सोडून तोंडाला ओढणी गुंडाळून येणाऱ्या एक मुख्याध्यापिका आहेत. सासूला आणि सुनेला एकमेकींना न कळता एकाच दिवशी केस रंगवायचे होते, त्यांना मी तीन तास दोन खोल्यांत कोंडून ठेवलं होतं, तेही आहे. पण कागद पुढे ओढला की मला वर्षाचे हात दिसतात. ते एकदा लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. वडील सावनेरकडच्या कोळसाखाणीत होते. लग्न होऊन नागपूरला आले, वर्षभरात नवऱ्याचं दुकान बसलं. तेव्हा पिशवीत दोऱ्याची रीळ, हातआरसा आणि पावडरचा डबा टाकून मी घरोघर भुवया करत फिरले. पार्लर त्यातून उभं राहिलं. कुणी दिलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. आजही कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पेटी घ्यायला गेले की तिथला अडत्या मला लांबून बघून आधी चहा सांगतो, कारण बाई तासभर हलणार नाही हे त्याला ठाऊक असतं. लोक म्हणतात, शकुनताईला राग फार. खरं आहे. रागाशिवाय मला कुणी भाव दिला नसता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पार्लर म्हणजे आरसे, दिवे आणि गप्पा. आतून बघाल तर तो धोबीघाट आहे. केस धुवा, लेप पुसा, टॉवेल पिळा, टाचा घासा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणानं हात धुवा. दिवसाकाठी तीस-चाळीस वेळा हात ओले होतात. त्यात शाम्पू, केसांचा रंग, ब्लीच, नखांचा रंग काढायचं पाणी. धडधाकट कातडीसुद्धा पाच वर्षांत चरचरायला लागते. आमच्यातल्या निम्म्या बायका लग्नाकार्यात मूठ मिटून बसतात ते उगाच नाही.

आणि थ्रेडिंग. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात, मध्ये पीळ, आणि उजव्या हाताची बोटं कात्रीसारखी उघडायची-मिटायची. सगळा ताण अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कातडीवर येतो. ती कातडी शाबूत नसेल तर दोरा एकदा गिऱ्हाइकाचा केस तोडतो आणि एकदा तुमचं बोट.

वर्षा उमरेडची. घरी हातमाग. लहानपणी सुताला खळ द्यायला बसवलं की हात फुटायचे, म्हणून बापानं तिला मागापासून दूर ठेवलं आणि ब्यूटीपार्लरचा कोर्स करायला लावला. पार्लर म्हणजे कोरडं, स्वच्छ काम, असं त्या भल्या माणसाला वाटलं. सव्वीस वर्षांची होती. रोज सकाळच्या एसटीनं यायची. पहिल्याच दिवशी मी तिला माझ्या भुवया करायला लावल्या आणि दुसरी भुवई होईपर्यंत मला डुलकी लागली. थ्रेडिंग करून घेताना झोप लागणं म्हणजे काय, हे कोणत्याही बाईला विचारा. डोळ्यांतून पाणी येतं माणसाच्या.

आठवडाभरानं तिची बाही वर सरकली तेव्हा मला कोपराच्या खोबणीत जाडसर, काळपट, ओरबाडलेली कातडी दिसली. मग हात नीट बघितले. बोटांच्या मध्ये लाली, पेरांवर बारीक चिरा.

"हे काय वं?"

"इसब आहे ताई. लहानपणापासून आहे. आजीले दमा, बाबांले शिंकांचा त्रास, मले हे. डॉक्टर म्हणे, घरातूनच येते."

"लागते का कुणाले?"

"लागलं असतं तर माझ्या भावाले नसतं लागलं? एकाच गादीवर झोपलो आम्ही." मग डोळे खाली घालून म्हणाली, "काढून टाकता का?"

मी काढलं नाही. त्यात दया नव्हती. तिच्यासारखा दोरा नागपुरात मी दुसरा पाहिला नव्हता, आणि चांगला माल हातचा सोडायची मला सवय नाही. पण गिऱ्हाइकांना हात दिसत होते. एक-दोघी म्हणाल्या, "मले हिच्याकडून नको." मग मी काय केलं? जुन्या, समजूतदार बायकांच्या भुवया तिच्याकडे ठेवल्या आणि बाकी वेळ तिला आतल्या खोलीत केस धुण्याच्या बेसिनवर उभं केलं, म्हणजे ती कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. ज्या हातांना पाणी आणि साबण हेच विष, त्या हातांना मी दिवसभर पाण्यात घातलं. मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण संध्याकाळी हात झटकत, फुंकर घालत ती एसटीकडे जाताना मी रोज पाहत होते.

याच सुमारास विनोदनं डबी आणली.

विनोद इतवारी बाजारातल्या एका बोळातून पार्लरचा माल ठोक भावानं विकायचा. मेण, पट्ट्या, ब्लीच, क्रीम. गोरागोमटा, गोड बोलणारा, गळ्यात बारीक साखळी. पिस्त्याच्या रंगाचं मलम एका चौकोनी खोक्यात होतं आणि खोक्यावर कोरफडीचं चित्र.

"ताई, जडीबुटीचं आहे. हात फुटो, पाय फुटो, खाज येवो, तीन दिवसांत साफ. नाही झालं तर वापस घेऊन येजा."

मी चार बोटं मलम वर्षाच्या हातांना लावायला दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. लाली गेलेली, चिरा बुजलेल्या. एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत तसे हात. ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, मी काल रात्री एकदाबी खाजवलं नाही. सलग झोपली. मले आठवतच नाही याच्या आधी कधी झोपली होती."

मी त्याच दुपारी इतवारी गाठली.

"विनोदभाऊ, भाव सांग."

त्यानं सांगितला. मी उठून उभी राहिले. त्यानं बसवलं. मी परत उठले. असं चाललं.

"ताई, याच्या खाली नाही पुरत. खोकं महाग पडते, छपाई महाग पडते."

"मंग खोकं कायले देतो? मी काय खोकं लावू हाताले? लेबल काढ. मोठ्या बरणीत भरून दे."

"बिना लेबलचं कसं देऊ ताई?"

"हातानं दे. आणि पक्कं बिलबी नको. आता सांग."

तो हसला, मान हलवली आणि मी म्हटलेल्या भावात दिलं. त्या दिवशी परत येताना मी ऑटोत गाणं गुणगुणत होते. हे सगळं इतक्या बारीक सांगते, कारण पुढे सगळं याच्यावरच अडलं. खोक्यावर काय छापलं होतं, आत काय आहे म्हणून लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. आणि वाचता येऊ शकेल असा एकमेव कागद मी स्वतः घासाघीस करून काढून टाकला.

पुढची गोष्ट त्याहून वाईट. बरणीतलं मलम मी छोट्या डब्यांत भरलं आणि त्यावर गुलाबी स्टिकर लावला: शकुन हर्बल हँड केअर. धुणीभांडी करणाऱ्या बायका, संत्री सोलणाऱ्या, मसाले कुटणाऱ्या, हात फुटलेली जी कुणी खुर्चीत बसेल तिच्या हातात डबी. वर्षाचे हात हीच माझी जाहिरात होती. "दाखव वं वर्षे," म्हणायचं, आणि ती हसून हात पुढे करायची. तिला मी बेसिनवरून काढून पुढच्या खुर्चीवर आणलं. तिच्या नावानं बायका नंबर लावू लागल्या. उमरेडला बसस्टँडजवळ तिनं एक खोली बघून ठेवली. पाडव्याला स्वतःचं पार्लर उघडायचं, असं तिनं बापाला सांगितलं होतं, आणि मला सांगायला घाबरत होती. मला कळलं तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. मग मीच तिला एक आरसा दिला. जुना होता, पण दिला.

वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं. मलम लावलं की हात छान, दोन दिवस चुकलं की लाल. आधी आठवड्यातून दोनदा लागायचं, मग रोज, मग दोनदा रोज. हाताच्या मागच्या बाजूची कातडी चकचकीत दिसू लागली, खालच्या शिरा मोजता याव्यात अशी. बांगडी टेकली तरी निळा डाग. एकदा टॉवेल ओढताना मनगटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. वर्षा म्हणाली, "ताई, हे बरोबर नाही वाटून राहिलं." मी म्हटलं, "गोरी झाली तू, म्हणून शिरा दिसतात."

मग ऐन लग्नसराईत विनोदचा माल बंद झाला. फोन केला की म्हणायचा, "माल रस्त्यात आहे ताई." बरणी खरवडून संपली. चौथ्या दिवशी वर्षाचे हात पेटले. पेटले हाच शब्द. पूर्वी कधी नव्हते इतके लाल, सुजलेले, बोटांमधून पाणी झिरपणारे. मी म्हटलं, दोन दिवस काढ, डबी आली की होते ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा नावाची नवरीमुलगी आली, आईला घेऊन. संध्याकाळी तिची हळद. तिला वर्षाच हवी होती. वर्षानं माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनी खुर्ची दाखवली. तिनं दोरा दातात धरला. पीळ घातला. पहिल्या ओढीला तिच्या कपाळावर घाम आला, मी पाहिला. पहिली भुवई झाली. आणि पूजाच्या पापणीवर एक लाल ठिपका पडला, मग गालावर दुसरा. मला वाटलं, दोरा कातडीला लागला. मी कापसानं पुसलं. खाली जखमच नव्हती. रक्त वर्षाचं होतं.

पूजाच्या आईनं वर्षाचा हात पाहिला आणि किंचाळली. "खरूजवाली बाई बसवली माझ्या पोरीसमोर! हळदीच्या दिवशी! शकुनताई, लाज नाही वाटत?"

मी वर्षावर ओरडले. पार्लर भरलेलं होतं. "अक्कल गहाण टाकली का वं? हात असे होते तर सांगितलं काहून नाही?"

"कालपासून सांगून राहिली ताई," ती हळू म्हणाली. "तुम्हीच म्हणाल्या, डबी आली की होते ठीक."

हे खरूज नाही, हे लागत नाही, एवढी दोन वाक्यं मला येत होती. वर्षा कामाला लागली तेव्हापासून येत होती. मी ती म्हटली नाहीत. मी पूजाच्या आईला म्हटलं, "काकू, तुम्ही शांत व्हा. आजच काढून टाकते हिला."

वर्षानं दोरा रिळाला गुंडाळला, रीळ ट्रेमध्ये ठेवली आणि मागच्या दारानं गेली.

पूजा आरशात बघत म्हणाली, "आई, चूप ना. दुसरी भुवई कोण करन आता?" मी केली. लक्ष मागच्या दाराकडे होतं. ती जरा वर गेली. लग्नाच्या फोटोंत ती मुलगी सतत नवल वाटल्यासारखी दिसते.

मागच्या पायरीवर वर्षा बसली होती, दोन्ही हात वर धरून, कारण खाली सोडले की ठणकत होते. अंग तापलेलं. उजव्या अंगठ्याशी पिवळी खपली आणि सूज मनगटापर्यंत. राग एका क्षणात उतरला आणि त्या जागी भीती आली. मी तिला ऑटोत घातलं आणि चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रस्त्यात ती एकच वाक्य बोलली. "ताई, अंगठा राहीन ना?"

डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढी होती. तिनं हात हातात घेतले, हातमोजा न घालता, बोटाबोटांत बघितलं, मग कोपर बघितले. "हा जुना इसब आहे. अॅटॉपिक म्हणतात. पण वर जे दिसतंय ते इसबाचं नाही. काय लावत होता?"

मी पर्समधून डबी काढली, तळाशी चिकटलेलं थोडं उरलं होतं. तिनं वास घेतला, बोटावर चोळली.

"यात काय आहे?"

"जडीबुटी."

"कुणी बनवलं?"

मी पर्सची चेन ओढली. तिनं स्टिकर वाचला, मग पार्लरचं नाव लिहिलेला माझा एप्रन बघितला. "तुम्ही बनवलंत?"

"नाही. मी... भरलं."

"मग काय भरलं?"

मी डबी परत घ्यायला हात पुढे केला, तिनं ती दिली नाही.

तिनं समजावलं ते असं. झाडपाल्यानं तीन दिवसांत असे हात साफ होत नाहीत. यात बहुतेक खूप जोराचं स्टेरॉइड आहे. ते सूज दाबतं, म्हणून जादू वाटते. दिवसेंदिवस लावत राहिलं की कातडी पातळ होते, आणि अचानक थांबवलं की दाबलेलं सगळं दुप्पट होऊन उसळतं. त्यात चिरांतून जंतू शिरले. मग तिनं चिठ्ठी लिहिली, आणि तिच्यातही एक स्टेरॉइडचं मलम होतं. माझं डोकं सटकलं.

"हेच विष आहे म्हणता आणि हेच लिहून देता?"

"विष मी म्हटलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "किती जोराचं, कुठं लावायचं, किती आणि किती दिवस, हे मी सांगतेय. बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ठरलेले दिवस झाले की हळूहळू कमी करायचं, आणि मला दाखवायचं. तुमच्या डबीनं हे सांगितलं होतं?"

"अंगठा कधी चालेल? पाडव्याला तिचं पार्लर उघडायचं आहे."

"तीन महिने तरी दोरा धरू नये."

"दीड करा."

ती हसली नाही. "बाई, इथं घासाघीस होत नाही."

डबीतलं मलम तिनं तपासणीला पाठवलं. निकाल तिच्या अंदाजासारखाच आला, पण मी त्यासाठी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाकडची अर्धी भरलेली डबी परत मागून घेतली आणि इतवारीत गेले. दुकानात तीन-चार पार्लरवाल्या होत्या. बरं झालं, म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना.

"विनोदभाऊ, या डबीत काय आहे?"

"काय बात करून राहिल्या ताई. क्रीम आहे."

"स्टेरॉइड आहे."

त्यानं डबी उचलली, उलटीसुलटी केली, आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. "हे तर तुमचं आहे ताई. शकुन हर्बल. माझं नाव कुठं आहे? बिल दाखवा माझं, मी आताच वापस घेतो."

बायका माझ्याकडे बघू लागल्या. लेबल मी काढायला लावलं होतं, बिल मीच नको म्हटलं होतं. माझाच सौदा त्यानं माझ्या तोंडावर मारला.

मग मी काय करते आहे हे मला कळायच्या आत केलं. डबी उघडली, बोटभर मलम काढलं, काउंटरवर ठेवलेला त्याचा हात धरला आणि मनगटापर्यंत चोळलं. "जडीबुटी आहे ना? मंग राहू दे."

त्यानं हात असा ओढला जसा तव्याला लागला. खिशातून रुमाल काढला आणि पुसला. एकदा पुसला, बघितला, परत पुसला, बोटांच्या मध्येसुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्या जणी बघत आहेत, आणि त्यानं रुमाल हळूच खिशात घातला.

"जा ताई," तो म्हणाला. "धंद्याचा टाइम आहे."

मी पार्लरला आले ती वही उघडून बसले. कुणाकुणाला डबी दिली होती त्यांची नावं होती. पुढचे दहा दिवस मी दारोदार फिरले. तरुणपणी दोऱ्याची रीळ घेऊन फिरले होते तशीच, फरक इतकाच की या वेळी माल परत मागत होते. बहुतेक बायका भांडल्या. "इतकं छान औषध आहे, काहून नेता?" मसाले कुटणाऱ्या एका बाईनं तर डबी पदरात लपवली. मी तिच्या दारात बसून तिला डॉक्टरीणबाईचं सगळं ऐकवलं. एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा, हे प्रत्येकीला सांगितलं. औषधांच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला, त्यात विकणारी म्हणून पहिलं नाव माझं लिहिलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कळतं ना, यात तुम्हीही येता?" म्हटलं, कळतं. चौकशी चालू आहे.

आणि दर तीन दिवसांनी मी उमरेडची एसटी धरत होते. पहिले तीन आठवडे हात आधीपेक्षा वाईट होते. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं होईल, तरी बघवत नव्हतं. वर्षाचा बाप मागावर बसलेला असायचा. मी आले की माग थांबायचा. एकदाच त्यानं विचारलं, "ताई, सूत धरता येत नव्हतं म्हणून तुमच्याकडे धाडली होती. आता दोराबी गेला का?" मी म्हटलं, नाही जाणार. मला माहीत नव्हतं.

हातांची निगा मी तिथं शिकले, पार्लरच्या इतक्या वर्षांत नव्हे. साबण बंद. कोमट पाणी, गरम नाही. धुतल्यावर घासून पुसायचं नाही, मऊ फडक्यानं टिपायचं, आणि ओल असतानाच जाड, बिनवासाचं साधं मलम थापायचं. दिवसातून दोनदा नव्हे, जितक्या वेळा पाणी लागेल तितक्या वेळा. पाण्याचं काम टळत नसेल तर आत सुती हातमोजा, वर रबरी, आणि थोड्या वेळात काढायचा, कारण आत घाम साचला की तोही चावतो. अंगठी नको. संत्र्याची साल, लिंबू, मिरची उघड्या हातानं नको. खाज आली तर नख नाही, थंड ओलं फडकं. यात जादू काहीच नाही. रोजचं, कंटाळवाणं, न संपणारं काम आहे, म्हणूनच त्याची डबी करून विकता येत नाही.

पहिले काही दिवस वर्षा माझ्याशी बोलत नव्हती. हात पुढे करायची, मी मलम लावायची, ती भिंतीकडे बघायची. एका दुपारी भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही त्या काकूले म्हटलं, काढून टाकते."

"हाव."

"लागत नाही, असं नाही म्हटलं."

"नाही म्हटलं."

"हाताचं मी विसरीन ताई," ती म्हणाली. "हे नाही विसरत."

मी माफी मागितली. ती मान्य झाली की नाही, तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काही ठिकाणी भाव समोरच्यानंच ठरवायचा असतो.

पाडवा गेला. खोली दुसऱ्या कुणी घेतली. अंगठा दोरा धरण्याइतका बरा व्हायला पाच महिने लागले. दसऱ्याला तिनं त्याच बसस्टँडच्या मागे एक छोटी खोली घेतली. तिथं केस धुतले जात नाहीत, रंगवले जात नाहीत. फक्त थ्रेडिंग आणि मेंदी, तेही दिवसाला ठरलेल्या बायकांपुरतं. दारावर तिनं पाटी लावली आहे: माझ्या हाताला इसब आहे. तो लागत नाही. चालत असेल तर बसा. सगळ्या बसतात. इसब गेलेला नाही, जाणारही नाही. थंडीत उठतो, ती सांभाळते. पण मनगटाजवळची पातळ झालेली कातडी आणि कोपरात पडलेले पांढरे चरे तसेच आहेत. ते आता भरून येत नाहीत, असं डॉक्टर म्हणाली.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे भुवया करायला गेले. या वेळी झोप लागली नाही, मीच लागू दिली नाही. दोरा दातातून काढून ती म्हणाली, "ताई, मले एकच सांगा. त्याले माहीत होतं का? का त्यालेबी कुणी तसंच भरून दिलं होतं?"

मी तिला रुमालाची गोष्ट सांगितली. तिनं दुसरी भुवई पुरी केली. मग म्हणाली, "मंग हे त्याले विचारा. सगळ्यांसमोर विचारा."

म्हणून हा लेख. माझं नाव डबीवर होतं, माझ्या वाट्याचं मी देते आहे आणि कचेरीत बोलावतील तेव्हाही देईन. पण हा अंक इतवारीतही जातो, आणि त्या दिवशी तुझ्या काउंटरपाशी उभ्या असलेल्या पार्लरवाल्यांपैकी कुणीतरी तो तुला वाचून दाखवेलच. लेबल नव्हतं, बिल नव्हतं, सगळं कबूल. तुझ्याकडे मी पैसे मागत नाही, मालही परत करत नाही. फक्त एवढं सांग. सव्वा वर्ष ते मलम त्या पोरीच्या हातावर चाललं, आणि तुझ्या हातावर तुला ते क्षणभर चाललं नाही.

विनोदभाऊ, तू हात काहून पुसला?